उजव्या हाताचा व्यायाम

मर्व्ह पॅस्कोला झटका आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की उजवं अंग गेलं आहे, वाचाही गेली आहे, पण एक शब्द शिल्लक आहे. असं होतं म्हणे कधी कधी. माणसानं जन्मभर जो शब्द घोटलेला असतो तो जिभेला चिकटून राहतो. कोणाला देवाचं नाव राहतं, कोणाला लेकीचं, पुष्कळांना शिवी.

मर्व्हला राहिलं "गेट".

नोएलिनला याचं नवल वाटलं नाही. तिनं हा शब्द लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकला होता.

आमच्याकडे, ॲडलेडपासून दूर, पोर्ट लिंकनच्या वरच्या अंगाला गव्हाच्या पट्ट्यात, गाडीतले कायदे दोनच. चालवणारा हा रेडिओचा मालक आणि शेजारी बसणारा हा गेटचा नोकर. पॅस्कोंच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन गेटं लागतात. मेंढ्या सुटू नयेत म्हणून प्रत्येक गेट उघडायचं, गाडी जाऊ द्यायची, मागे लावायचं, पुन्हा गाडीत बसायचं. हे काम नोएलिनचं. मर्व्ह मान न वळवता म्हणे, "गेट." ती उतरे. आणि गेट लावून ती गाडीपाशी आली, दाराला हात लावला, की मर्व्ह गाडी दहा पावलं पुढे घेई. ती पुन्हा चालत येई. तो पुन्हा पुढे घेई. या विनोदाला आमच्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे आणि बहुतेक नवरे तो वर्षातून एखाददुसऱ्या वेळी करतात. मर्व्ह रोज करायचा. मी मागच्या सीटवर असलो तर आरशातून मला डोळा मारायचा.

मी त्यांच्या शेतावरच्या जुन्या बंगलीत भाड्यानं राहतो आणि गावच्या शाळेत इतिहास शिकवतो. त्या साली माझं लायसन्स जप्त झालं होतं. कोर्टानं मला दर मंगळवारी लिंकनला, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या वर्गात बसायला सांगितलं होतं. नोएलिन त्याच दिवशी मर्व्हला व्यायामासाठी तिथल्या दवाखान्यात नेई. त्यामुळे हे सगळं मी मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे, आणि प्यायलेलो नसताना.

आता रेडिओ. मर्व्हची फाल्कन गाडी आठ वर्षांची होती, पण रेडिओ अजून नव्यासारखा, कारण त्याला मर्व्हखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. खाली पाच बटणं. एकेका बटणावर एकेक स्टेशन लावून ठेवायचं, हे त्या बटणांचं प्रयोजन. मर्व्हनं पाचही बटणांवर एकच स्टेशन लावलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "हिनं चुकून भलतंच दाबलं तर?"

बटणांच्या वर कॅसेटची फट होती. तिच्यात त्यानं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा खुपसून ठेवला होता. धूळ जाऊ नये म्हणून.

घरामागे लोहखडकाची टेकडी असल्यामुळे घरात रेडिओ खरखरे आणि टीव्हीवर बारा महिने मुंग्या दिसत. गाडीची एरियल तेवढी नीट पकडायची. म्हणून उन्हाळ्यात कसोटी सामना असला की मर्व्ह पाचही दिवस अंगणातल्या झाडाखाली गाडीत बसून राही. चहा हवा असला की हॉर्न वाजवी. एकदा वाजवला तर चहा, दोनदा वाजवला तर चहा आणि काहीतरी खायला. जगात त्याला एवढ्या एकाच गोष्टीची ओढ होती. गहू तो पिकवायचा, पण गव्हावर त्याचं प्रेम नव्हतं.

नोएलिनलाही एक ओढ होती, ती मला उशिरा कळली. तिला इटलीला जायचं होतं. मर्व्हला तिनं हे एकदाच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तिथं एकरी उतारा आपल्याहून कमी आहे," आणि विषय संपला होता.

लिंकनच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी बाई ॲडलेडहून आलेली, तरुण, चष्मेवाली, बर्नाडेट नावाची. पहिल्याच मंगळवारी तिनं नोएलिनला समजावलं. मी व्हीलचेअर धरून उभा होतो.

"हात मेला नाहीये, मिसेस पॅस्को. त्याला फक्त कारण हवंय. यांना ज्याची खरीखुरी ओढ असेल ते उजव्या हाताला ठेवा. पोचेल न पोचेल असं. मदत करायची नाही. दया आली तरी नाही."

"दयेचं मी बघते," नोएलिन म्हणाली.

"आणि जमलं की तिथं थांबायचं नाही. लगेच पुन्हा करायला लावायचं. एकदा केलेलं अंग विसरतं. बोलण्याचंही तेच. त्यांनी मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आपण सगळं ओळखून देत गेलो, तर ते बोलतील कशाला?"

नोएलिननं पर्स मिटली. "एवढं नीट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

परत निघताना तिनं मर्व्हला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि स्वतः चाकामागे बसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आमच्या गाड्यांत चालवणारा उजवीकडे असतो, म्हणजे शेजाऱ्याच्या उजव्या हाताला बरोबर रेडिओ येतो. मर्व्हचा चांगला हात दाराच्या बाजूला, पट्ट्यात अडकलेला. मेलेला हात रेडिओच्या बाजूला. मधलं अंतर वीतभर.

नोएलिननं फटीतला पुठ्ठा ओढून काढला, खिडकीतून टाकला आणि पर्समधून कॅसेट काढली. फिरत्या वाचनालयातून आणलेली. कॅसेट आत सरकवली की रेडिओ आपोआप बंद होतो. बाहेर काढली की आपोआप सुरू. काढायचं बटण फटीच्या डाव्या कडेला, हरभऱ्याएवढं. मर्व्हच्या बाजूला.

"नमस्कार," टेपवरची बाई म्हणाली. "धडा पहिला. मी इटलीला चालले आहे." मग तेच इटालियनमध्ये. "आता तुम्ही म्हणा." आणि एक रिकामी जागा.

नोएलिननं ती जागा भरली. मोठ्यानं, नीट उच्चार करून.

"गेट," मर्व्ह म्हणाला.

"हो, मर्व्ह, गेट येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "मास्तर उतरेल. नाही का रे मास्तर?"

हे यंत्र कॅसेट स्वतःच उलटवायचं. एक बाजू संपली की आत खट् व्हायचं आणि दुसरी बाजू सुरू. ती संपली की पुन्हा पहिली. मर्व्हनं आठ वर्षांपूर्वी दुकानात या सोयीसाठी जास्तीचे डॉलर मोजले होते. गाडी चालवताना लक्ष विचलित होत नाही, असं दुकानदार म्हणाला होता.

हिवाळा गेला; आमच्याकडे तो ऑगस्टातच संपतो. शेजाऱ्यांनी येऊन मर्व्हचा गहू कापून दिला. दर मंगळवारी जाताना दीड तास, येताना दीड तास, आम्ही इटालियन ऐकत होतो. मर्व्ह आधी नुसता बघायचा. मग खांदा हलायला लागला. नोव्हेंबरात कोपर. डिसेंबरात क्रिकेट सुरू झालं, आणि मांडीवरचा तो हात, वाळूत चुकलेल्या खेकड्यासारखा, बोटाबोटानं रेडिओकडे निघायला लागला. गुडघ्यापर्यंत जाई आणि गळून पडे. नोएलिन तो उचलून पुन्हा मांडीवर ठेवी. मायेनं ठेवी, हेही सांगितलं पाहिजे.

बर्नाडेट खूश होती. "घरी काय करता तुम्ही?" तिनं विचारलं.

"घरी काही नाही," नोएलिन म्हणाली. "गाडीत जरा संगीत लावते."

एकदा मी मागून हात घातला. स्कोअर मलाही हवा होता.

"मास्तर."

"नुसता स्कोअर ऐकू, नोएलिन. एक मिनिट."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग उपचारात ढवळाढवळ करू नकोस. खाली उतरून घरी चालत जायचं असेल तर तसं सांग."

घर साठ मैलांवर होतं. मी हात काढून घेतला. मर्व्हनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. डोळा मारायचं त्याला आता जमत नव्हतं.

मग जानेवारीतला तो मंगळवार आला. कसोटीचा पाचवा दिवस. दवाखान्याच्या बाकांवर बसलेल्या पेशंटांपैकी एकाकडे छोटा रेडिओ होता आणि अर्धा दवाखाना त्याच्याभोवती गोळा झालेला. इंग्रजांविरुद्ध आमची शेवटची जोडी मैदानात, सव्वीस धावा हव्यात. मर्व्हची खुर्ची मी मुद्दाम तिकडून नेली. त्यानं चाकाला डाव्या हाताचा विळखा घातला आणि सोडेना.

"चला, मर्व्ह," नोएलिन म्हणाली. "गाडीत ऐकू."

मीही क्षणभर खरं मानलं.

गाडी सुरू झाली. "धडा अकरावा," बाई म्हणाली. "हॉटेलमध्ये. मला समुद्राकडे तोंड असलेली खोली हवी आहे. आता तुम्ही म्हणा."

नोएलिन म्हणाली. मर्व्हचा हात निघाला.

अशी चाल मी त्या हाताची कधी पाहिली नव्हती. गुडघ्यावर थांबला नाही. सीटच्या कडेवरून पुढे गेला, लोंबकळला, ॲशट्रेच्या कडेला बोटं अडकली, तिथून वर चढला. मर्व्हच्या कपाळावरून घाम वाहत होता, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. त्याचं बोट पाच बटणांवरून सरपटत वर गेलं. सगळी एकाच स्टेशनची, आणि कॅसेट आत असताना पाचही निरुपयोगी. नोएलिननं गाडी सावकाश कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू ठेवलं. मदत केली नाही.

बोट हरभऱ्यावर पोचलं. त्यानं अख्ख्या खांद्याचा भार टाकला. खट्. कॅसेट जीभ काढावी तशी बाहेर आली, आणि गाडीभर क्रिकेट झालं.

अकरा हव्यात. गोलंदाज परत चालला होता. समालोचक सीगल पक्ष्यांबद्दल बोलत होता. मर्व्ह रडत होता. तसं आमच्या जिल्ह्यात पुरुष दुष्काळात मेंढ्या गोळी घालून माराव्या लागल्या तरच रडतात. गोलंदाज धावत आला. चेंडू फलंदाजानं सोडून दिला.

नोएलिनच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. तिनं रुमालानं त्याचं तोंड पुसलं, कपाळाचं चुंबन घेतलं. तो हात दोन्ही हातांत धरला आणि अलगद त्याच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"शाब्बास, मर्व्ह," ती म्हणाली. "फार छान."

मग तिनं एका बोटानं कॅसेट आत ढकलली.

"आता पुन्हा एकदा."

"न्याहारी किती वाजता मिळते?" टेपवरच्या बाईनं विचारलं.

"नोएलिन," मी म्हणालो.

"बाईंनी काय सांगितलं होतं, मास्तर? तू तिथं होतास."

होतो. लगेच पुन्हा करायला लावायचं. एकदा केलेलं अंग विसरतं.

दुसऱ्या खेपेला त्याला वीस मैल लागले. आठ हव्यात, आणि समालोचक सांगत होता की चहाच्या आत निकाल लागेल. नोएलिननं गाडी थांबवली, शाब्बास म्हणाली, हात मांडीवर ठेवला, कॅसेट ढकलली. कुठंही घाई नाही, कुठंही राग नाही. तिसऱ्या खेपेला हात थरथरून तीनदा पडला. चौथ्यांदा पोचला तेव्हा आम्ही डांबरी रस्ता सोडून शेताच्या रस्त्याला लागलो होतो. पहिलं गेट समोर दिसत होतं.

खट्.

आणि नुसता आरडाओरडा. हजारो माणसं ओरडत होती. शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी डबा बडवत होतं. समालोचकाचा आवाज त्यात बुडालेला, दोन शब्द वर यायचे आणि पुन्हा बुडायचे. सामना संपला होता. कोणीतरी जिंकलं होतं. मैदानावर इंग्रजही कमी नव्हते, आणि ओरडतात सगळे सारखेच. मर्व्ह पट्ट्यावर पुढे झुकला, श्वास रोखून. समालोचकानं घसा साफ केला.

"शाब्बास," नोएलिन म्हणाली आणि कॅसेट आत ढकलली.

गाडी गेटपाशी उभी राहिली. मर्व्हनं हात हलवला नाही. सारा हात त्या दिवसापुरता संपला होता. त्यानं बायकोकडे मान वळवली. गाडीत बसून तिच्याकडे मान वळवलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

"गेट?" तो म्हणाला.

शेवट वर उचललेला, प्रश्नासारखा. बर्नाडेट पुढल्या मंगळवारी याला मोठी सुधारणा म्हणणार होती.

"पाहिलंस, मास्तर? विचारायला लागला," नोएलिन म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, मुलाला म्हणावं तसं, "कोण जिंकलं. दोनच शब्द आहेत, मर्व्ह. सावकाश म्हण. म्हणालास की सांगते. घरी गेल्यावर कोणाला तरी फोन करून विचारते आणि सांगते."

"गेट?"

"नाही. ते नाही."

"आता तुम्ही म्हणा," टेपवरची बाई म्हणाली, आणि ती नेहमीची रिकामी जागा आली. या वेळी नोएलिननं ती भरली नाही. ती वाट पाहत होती. मर्व्हचे ओठ हलत होते.

मी उतरलो, गेट उघडलं, गाडी आत गेली, गेट लावलं, कडी बसवली. चालत गाडीपाशी आलो आणि दाराला हात लावला.

गाडी दहा पावलं पुढे गेली.