अंगणातलं वाचन

नांदेडच्या वजिराबादेतल्या चहाच्या हॉटेलात आनंदराज येऊन बसला, की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय साहेब, सध्या कुणाला सोलून राहिले?" आनंदराज हसायचा आणि बशीत चहा ओतायचा. पेपरातली नोकरी सोडून त्यानं हा धंदा धरला, तेव्हापासून हेच चाललं होतं. धंदा आपला म्हणायचा. त्यात मिळकत किती होती ते त्याच्या चपलांकडे बघून कळायचं. तो चरित्रं लिहायचा, आणि तीही अशा माणसांची, की ज्यांना अर्धा जिल्हा पाया पडतो आणि उरलेला अर्धा त्यांच्या नावानं बोटं मोडतो. देवमाणसांची चरित्रं लिहायला भाट पुष्कळ आहेत आणि राक्षसांसाठी पोलीस आहेत, मधल्यांना कोण विचारतो, असं त्याचं म्हणणं.

मधल्यांनी मात्र त्याला चांगलंच विचारलं होतं. देगलूरकडच्या एका अंगारेवाल्या बाबावर लिहिलं, तर भक्तांनी पुस्तकाची होळी केली. आधी विकत घेऊन केली, एवढाच काय तो फायदा. एका कामगार पुढाऱ्यानं बदनामीची केस टाकली. ती इतकी वर्षं चालली की पुढारीही गेला आणि त्याचा वकीलही गेला, तारखा तेवढ्या पडत राहिल्या. एकदा एसटी स्टँडवर तोंडाला काळं फासून झालं. घरी जाऊन त्यानं तोंड धुतलं आणि पुढचं प्रकरण लिहायला बसला. अशा माणसाला निगरगट्ट म्हणावं, नाहीतर वेडा म्हणावं. त्याचा प्रकाशक आदिनाथ त्याला दोन्ही म्हणायचा.

या वेड्या माणसाचा एक नियम होता. पुस्तकासाठी ज्यानं जे सांगितलं, ते छापण्याआधी त्याच्या घरी जाऊन त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. पेपरात असताना त्यानं पाहिलं होतं, की माणूस बोलतो एक आणि सकाळी छापून येतं भलतंच; वर ज्याला वाचता येत नाही त्याला ते गल्लीतली पोरं हसत हसत सांगतात. म्हणून हा नियम. त्यानं 'हो' म्हटलं तर छापायचं, 'न्हाई' म्हटलं तर फाडायचं. याच्यापायी कितीतरी चांगला मजकूर गेला, पण आनंदराजनं नियम सोडला नाही.

यावेळचा माणूस होता लातूरचा अमृतराव. जळकोट तालुक्यातून तुटक्या चपलेनं आलेला हा मास्तर. पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवता शिकवता त्यानं क्लासेसचं साम्राज्य उभं केलं. लातुरात कुठल्याही चौकात मान वर केली की फ्लेक्सवर सर दिसायचे, हाताची घडी घालून, मागे डॉक्टर झालेल्या पोरांची रांग. खेड्यापाड्यातल्या कितीतरी घरांत देवाशेजारी त्यांचा फोटो होता, आणि तो उगाच नव्हता. सालगड्याच्या पोराला त्यांनी फुकट शिकवून डॉक्टर केलं होतं, ते आनंदराजनं स्वतः जाऊन तपासलं होतं. दुसरी बाजूही होती. सरांच्या क्लासमध्ये पोरं डाळ मिलमध्ये तूर जावी तशी जातात, डाळ तेवढी पोत्यात भरतात, टरफलं कुणी मोजत नाही, असं बोलणारेही लातुरातच होते.

लुंबिनी त्या टरफलांतली. चाकूरच्या पुढं एका गावात, भीमनगरात राहणाऱ्या सरजाबाईची पोरगी. सरांच्या क्लासच्या होस्टेलात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. ताप भरला. खोलीतली मैत्रीण शिवांगी रेक्टरीणबाईकडं दोनदा गेली. बाईंनी ताप उतरायची गोळी दिली आणि रविवारी टेस्ट आहे, टेस्ट झाल्यावर दवाखान्यात नेऊ, म्हणाल्या. गेटला कुलूप होतं, टेस्टच्या आठवड्यात ते असायचंच. रविवार उजाडण्याआधीच पोरगी थंड पडली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की कमी मार्कांच्या नैराश्यातून विद्यार्थिनीनं औषध प्राशन केलं. पुढं डॉक्टरांनी डेंग्यू लिहून दिला, पण पहिल्या दिवसाची बातमी सगळ्यांनी वाचली होती आणि डॉक्टरांचं लिहिलेलं वाचायला कुणाला वेळ नव्हता.

गावात मग तेच झालं. लुंबिनी औषध पिऊन मेली. चुलता नरसिंग तर मयतीतच बोलला, "आपल्या समाजाची पोर, एवढं शिकली आन् भेकडासारकी गेली." तेव्हापासून सरजाबाई दिराच्या घरचं पाणी प्याली नव्हती. सरांची माणसं साडीचोळी घेऊन दारात आली होती, ती तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. त्या भागात एक अलिखित कायदाच आहे: ज्याच्या घरची साडी बाई हातात घेते, त्याच्याशी तिचं भांडण मिटलं. मग पंच नको, कोर्ट नको. सरजाबाईनं साडी परत पाठवली, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं.

आनंदराज पहिल्यांदा गेला तेव्हा तिनं पैसा मागितला नाही, न्यायही मागितला नाही. ती एवढंच म्हणाली, "दादा, माजी पोर जीव देनारी नव्हती. तेवढं एक छापा. पेपरात खोटं छापून आलं तवा लोकास्नी खरं वाटलं. आता खरं छापलं तर ते बी खरंच वाटंल का न्हाई?" आनंदराजला त्या प्रश्नानं गलबलून आलं. तो म्हणाला, "वाटेल, ताई." इतक्या वर्षांत इतकं सोपं उत्तर त्यानं कुणाला दिलं नव्हतं.

प्रकरण लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे तो वाचून दाखवायला गेला. घरात उकडत होतं म्हणून सरजाबाईनं अंगणात सतरंजी टाकली. अंगणात मोठ्यानं काही वाचायला लागलं की भीमनगरात माणसं जमणारच. आधी शेजारची बाई कडेवर पोर घेऊन उभी राहिली, मग तिची सासू, मग विहाराच्या कट्ट्यावरचे म्हातारे. आनंदराज वाचत होता. कुलूप, गोळी, टेस्ट. शिवांगी कशी रडत गेटवर धडका मारत होती ते. शेवटी त्यानं वाचलं, "लुंबिनीनं जीव दिला नाही. ती तापानं गेली. तिला कुलपाच्या आत ठेवलं होतं."

मग मागं उभा असलेला नरसिंग पुढं आला आणि वहिनीच्या पायाशी मटकन बसला. "वयनी, मी लई वंगाळ बोललो," एवढंच त्याला म्हणता आलं. सरजाबाईनं उठून चहा टाकला. त्या दिवशी नरसिंगनं तिच्या घरात चहा घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की यंदा लुंबिनीच्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदन, म्हणजे तिच्या नावानं वंदना आणि खीर, सगळं भीमनगर मिळून करील. आनंदराज एसटीत बसला तेव्हा त्याला वाटलं, आपण जन्मभर जे केलं ते याच्यासाठीच. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण लिहिणाऱ्याला छापल्याशिवाय चैन पडत नाही.

अंगणात वाचलेलं लातूरला पोचायला काय वेळ लागतो? अमृतरावांचं बोलावणं आलं. आनंदराज मनाची तयारी करून गेला. धमकी, केस, काळं, त्याला सगळं सवयीचं होतं. सर मात्र उठून दारापर्यंत आले.

"पत्रकारसाहेब, तुमचा नियम ऐकला मी," ते म्हणाले. "ज्याचं त्याला वाचून दाखवता म्हणे. मग माझं मला दाखवा की."

आनंदराजनं वाचलं. एक शब्द गाळला नाही. सर डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खरं होतं की खोटं हे आनंदराजला शेवटपर्यंत कळलं नाही.

"छापा," सर म्हणाले. "काना-मात्रा बदलू नका. प्रकाशन माझ्या सभागृहात करू. त्या माउलीला स्टेजवर बसवा."

"हे प्रकरण स्टेजवर वाचायचं, सर. तिच्यासमोर. सगळ्यांसमोर."

"वाचा की. कुणी अडवलंय?"

आनंदराज हुरळून गेला. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही माणसानं स्वतःचं खरं तोंडावर ऐकून 'छापा' म्हटलं नव्हतं. आदिनाथ म्हणाला, "साहेब, गोड बोलून गळा कापायची रीत जुनी आहे." आनंदराजनं त्याला उडवून लावलं. सरजाबाईला समजावणं त्याला जड गेलं. "म्या त्याच्या दारात न्हाई जायची," तिनं साफ सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या अंगणात भीमनगरानं ऐकलं. तिथं सगळं लातूर ऐकेल. त्यालाही ऐकावं लागेल, खाली मान घालून." मग म्हणाली, "वाचनार ना नक्की?"

"माझा शब्द," आनंदराज म्हणाला.

सभागृह खचाखच भरलं होतं, कारण पोरांची हजेरी लागणार होती. प्रत्येक पोराच्या हातात पुस्तक फुकट दिलेलं, मुखपृष्ठावर सर. पुस्तक मांडीवर ठेवून पोरं त्याच्यावर सोमवारच्या टेस्टच्या नोट्स वाचत होती. भाषणं सुरू झाली. एका पाहुण्यानं सरांना दीपस्तंभ म्हटलं, दुसऱ्यानं वटवृक्ष. तिसऱ्याच्या हातच्या दोन्ही उपमा गेल्यामुळं तो बराच वेळ चाचपडत राहिला. आनंदराज पान काढून तयार बसला होता. कडेच्या खुर्चीत पांढरं लुगडं नेसलेली सरजाबाई त्याच्याकडं बघत होती, आता का, आता का.

तेवढ्यात सूत्रसंचालकानं जाहीर केलं, "आता एका मातेचा सन्मान." सरांच्या पत्नी नीलम्माबाई ताटात साडी घेऊन आल्या. पांढरीशुभ्र, निळ्या काठाची. कुणीतरी विचार करून निवडलेली. सरजाबाईनं हात मागं घेतले. ती मान हलवून 'नको' म्हणतच होती, तर नीलम्माबाईंनी साडी हातात ठेवून ताट बाजूला दिलं आणि वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आपल्याहून मोठी बाई, पिकल्या केसांची, हजार लोकांसमोर पायावर पडलेली. सरजाबाई गांगरली. तिनं चटकन वाकून तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं, कुणीही भल्या घरची बाई उठवील तसं. नीलम्माबाईंनी उठता उठता तिला मिठी मारली, आणि मिठी सुटली तेव्हा साडी सरजाबाईच्या हातात होती. सर हात जोडून शेजारी उभे होते. फोटोवाल्यांना दुसरं काय हवं असतं?

"वेळेअभावी वाचनाचा कार्यक्रम होऊ शकत नाही," सूत्रसंचालक म्हणाला. "सर्वांनी पुस्तक घरी जाऊन अवश्य वाचावं."

आनंदराज ताडकन उठला आणि माइककडं धावला. तो तिथं पोचेपर्यंत राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं सभागृह उभं राहिलं. आनंदराजही जागच्या जागी, हातात पान धरून, ताठ उभा राहिला. राष्ट्रगीत संपलं आणि माइक बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच जुन्या पेपरात तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, की जुनं दुःख विसरून मातेनं सरांच्या परिवाराला क्षमा केली. पुस्तकातला एकही शब्द बदललेला नव्हता. सातव्या प्रकरणात सगळं होतं, कुलूप, गोळी, टेस्ट. ते वाचून कुणी होळी केली नाही, केस टाकली नाही, काळं फासलं नाही. आनंदराज सगळ्याला तयार होता, सत्काराला तयार नव्हता. असल्या सत्काराच्या नानाची टांग! पण हे म्हणायचं कुणाला?

लुंबिनीच्या दिवसाला तो चाकूरच्या गाडीनं गेला. भीमनगर रोजच्यासारखं होतं. विहाराच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या जयभीमला जयभीम घातला आणि तोंड फिरवलं. सरजाबाईच्या अंगणात तिच्याकडच्या होत्या तेवढ्या सगळ्या सतरंज्या टाकल्या होत्या. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, शेजारी लुंबिनीचा शाळेतला फोटो, आणि मोठ्या पातेल्यात खीर. सतरंज्यांवर कुणी नव्हतं.

"नरसिंग?" त्यानं विचारलं.

"मनला, वयनी, तुमचं आन् त्येंचं मिटलं. आता आमी कशाला यायचं?" ती पदरानं फोटो पुसत होती. "ती साडी म्या चुलीत घातली, दादा. पन कुनी बगितलं न्हाई. फोटो मातूर समद्यांच्या मोबाईलात हाय. लोक मनून राहिले, एका साडीवर पोर विकली."

माफी मागावी तर कशाची, आणि तिनं ती ठेवायची कुठं?

"ताई, माझ्यामुळं..."

"बसा," ती म्हणाली. "तुमी तिथं वाचनार होता ना. हितं वाचा."

तो सतरंजीवर बसला आणि पुस्तक उघडलं. त्यानं हळू आवाजात सुरुवात केली.

"जरा मोठ्यानं वाचा," सरजाबाई म्हणाली. ती फोटोकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती.

त्यानं आवाज चढवला. समोरच्या दारात शेजारीण तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार ओढून घेतलं. आनंदराज वाचत राहिला. कुलूप आलं, गोळी आली, गेटवर धडका मारणारी शिवांगी आली. शेवटी त्यानं वाचलं, "लुंबिनीनं जीव दिला नाही. ती तापानं गेली. तिला कुलपाच्या आत ठेवलं होतं."

"आजून मोठ्यानं," सरजाबाई म्हणाली. "पुन्यांदा, पयल्यापासून."

आनंदराजनं पानं मागं उलटली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.