रद्दीत न गेलेले पाठ

“काका, माझा नववा पाठ आलाच नाही होऽऽ!”

बावीस वर्षांपूर्वी फोनवर ऐकलेला आवाज. मागं शिलाई यंत्रांची घरघर, म्हणून पोरगी ओरडून बोलत होती आणि ओरडताना शेवटचा शब्द लांबवत होती. पाठकाकांनी नववा पाठ पुन्हा पाकिटात घातला. त्या दिवसाचं टपाल निघून गेलं होतं, तेव्हा सायकल काढून ते स्वतः मोठ्या टपाल कचेरीत जाऊन पाकीट टाकून आले.

पाठकाका म्हणजे विद्यापीठाच्या पत्रद्वारे शिक्षण विभागातले वरिष्ठ लिपिक. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना छापील पाठ पाठवायचे, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. खरं नाव पगारपत्रकात होतं, एरवी सगळ्यांचे ते पाठकाका.

तो लांबवलेला शब्द गेल्या वर्षी त्यांनी सभागृहात पुन्हा ऐकला. डिजिटल शिक्षणाच्या नव्या संचालक मॅडम स्वतःची ओळख करून देत होत्या. मागच्या रांगेत काका एकदम ताठ बसले. हीच ती! घरची लेक पहिली यावी तसं त्यांना झालं. शेजारच्या शिपायाला कोपरानं ढोसून ते सांगणार, इतक्यात मॅडम म्हणाल्या, “मी इथंच शिकले. एका पाठासाठी तर सहा आठवडे टपालाची वाट पाहिली मी. ती वेळ आता कुणावर यायला नको.”

टाळ्या पडल्या. काकांचे हात मात्र मांडीवरच राहिले. सहा आठवडे तिच्या लक्षात होते. सायकल तिला कुठून माहीत असणार! पण हेवा असला हिशोब ऐकत नाही. ओल्या भिंतीला पोपडा धरावा तसा तो आतून धरत गेला.

गठ्ठे बांधायचं लांबलचक टेबल हलवलं आणि तिथं कॅमेरा आला. चहाच्या वेळी काकांभोवती जमणारी माणसं मॅडमच्या काचेच्या खोलीकडं वळली. कुणी म्हणालं, “मॅडम किती साध्या आहेत!” की काकांना चहा कडू लागायचा. मॅडम खरंच साध्या होत्या, हेच तर सोसत नव्हतं. उद्धट असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग मॅडमच्या नव्या आराखड्याची चाचणी सुरू झाली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फक्त व्हिडिओ, छापील पुस्तिका बंद, उरलेला साठा रद्दीत. काकांनी हुकमावर सही केली आणि रद्दीवाल्याला फोन करायचं उद्यावर टाकलं.

त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती.

“काका, व्हिडिओ संपल्याशिवाय परीक्षेचा फॉर्मच उघडत नाही. म्हणून आवाज बंद करून फोन फळीवर ठेवते. तो बोलतोय आपला एकटाच, मी इकडं चादरी पिळतेय. पण वाचू काय मी? जेवायच्या सुट्टीत वीस मिनिटं मिळतात. कागद असला तर घडी घालून खिशात राहतो हो.”

काकांनी तिला पुस्तिका पाठवली. तिनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं भावाला. चार महिन्यांत कपाटं मोकळी झाली. दुपारी खोली सुनी असताना काका गठ्ठे बांधायचे, आणि बांधता बांधता त्या टेबलावर राबलेल्या जुन्या माणसांचं गाणं आपसूक ओठांवर यायचं :

घडी घाल, दोरी बांध,
दूरच्याला जवळ सांध.

निकाल लागला. एक्याण्णव टक्के विद्यार्थ्यांनी सगळे व्हिडिओ पाहिले, आणि उत्तीर्ण झालेले पूर्वीपेक्षा जास्त. मॅडमचा फोटो विद्यापीठाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर आला.

काका घरी आले ते धुमसतच. बायको इस्त्री करत होती.

“राबलं कोण आणि मिरवतंय कोण!”

“आली का त्यांची स्वारी?” बायको म्हणाली. “सकाळी मॅडम, संध्याकाळी मॅडम. एवढा जीव माझ्यावर लावला असतात, तर मीसुद्धा झाले असते कुठंतरी संचालक.”

“चेष्टा नको.”

“मग सांगून टाका ना त्यांना, पुस्तिका मी पाठवल्या म्हणून.”

“का सांगू? पुढच्या सत्रापासून सगळेच अभ्यासक्रम व्हिडिओवर न्यायचेत. छपाई कायमची बंद. कपाटात एक पान नाही. तेव्हा बघू कसा लागतो निकाल. तोंडावर आपटेल.”

बायकोनं सदऱ्याची कॉलर उलटली, दाबली.

“आणि नापास कोण होणार? ती?”

काकांनी पेपर उघडला. इस्त्रीची वाफ फुस्स झाली.

दोन दिवसांनी आराखड्याच्या मंजुरीची बैठक होती. सकाळीच धुलाईखान्यातल्या बाईचा फोन आला. “काका, पास झाले! दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरलाय. तुमच्याच भरवशावर बरं का. पुस्तिका कधी धाडताय?”

“बघतो,” काका म्हणाले आणि फोन ठेवल्यावर हात तिथंच राहिला.

बैठकीत कुलगुरू, प्राध्यापक, मॅडम. दाराजवळच्या खुर्चीवर काका. त्यांना एकाच प्रश्नापुरतं बोलावलं होतं.

“जुन्या पुस्तिकांचा साठा?” कुलगुरूंनी विचारलं.

“तो चाचणीच्या आधीच रद्दीत गेला,” मॅडमनी परस्पर सांगितलं आणि काकांकडं पाहून हसल्या. “हो ना, काका?”

एक मान हलवायची होती, बस्स. सगळे पुढच्या पानाकडं वळलेसुद्धा होते.

“नाही,” काका उभे राहिले. “रद्दीत नाही गेला. मी वाटला.”

“कुणाला?”

“चाचणीतल्या मुलांना. ज्यांनी ज्यांनी मागितला त्यांना. हुकूम मोडून. व्हिडिओ फळीवर चालत होते साहेब, मुलं कागदावर शिकत होती. हे घ्या जावक टपालाचं रजिस्टर, नावं आहेत त्यात.”

एक प्राध्यापक कुजबुजले, “आता बोलतोय?” मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं. पानं उलटताना त्यांचा चेहरा उतरत गेला. हाच चेहरा पाहायला काका वर्षभर थांबले होते. पाहवेना.

“पण काका,” मॅडमचा आवाज अगदी खाली गेला, “मी रोज तुमच्या दारावरून जात होते. एका शब्दानं सांगितलं असतंत, तर मी आराखडा बदलला असता. इतके महिने का नाही बोललात?”

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“तुमचा हेवा वाटत होता, मॅडम. तुम्ही पडलेल्या बघायच्या होत्या मला.”