रंगूच्या अंगणातला तांब्या

उरणच्या खाडीकाठच्या त्या गावात सकाळपासून चूल पेटली नव्हती. सगळं गाव रंगूच्या अंगणात जमून एका तांब्याकडे टक लावून बघत होतं. तांब्या काठोकाठ भरलेला, जमिनीवर ठेवलेला. समोर झिपरेबुवा मांडी घालून बसलेले. बुवांनी डोळे मिटून घोगऱ्या आवाजात हाक दिली, "आई, बोल." आणि काय नवल, कोणी बोटसुद्धा लावलं नसताना पाणी थरथरू लागलं. बायकांनी पदर पसरले.

आदल्याच आठवड्यात भूकंप झाला होता. या गावाचे दोन भाग, कातळावरचा वरचा पाडा आणि खाजणात भर घालून वसवलेला खारपाडा. वरच्या पाड्यात फडताळातली भांडी किणकिणली, तेवढंच. खारपाड्यात मात्र निम्म्या घरांच्या भिंती बसल्या. एकच गाव, एकच धक्का, मग असं का? या प्रश्नाचं उत्तर झोळीत घेऊन बुवा हजर झाले. मिठागराचा तळ अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करायचा, ही इथली रीत. रंगू खारपाड्यातली, डोंगराकडून आलेली नवी सून. पहिल्या दिवशी ती वहाणा घालूनच तळात उतरली होती. म्हणून देवी कोपली, असं बुवांचं म्हणणं. पुरावा हा तांब्या. वरच्या पाड्यात भागोजी पाटलाच्या ओटीवर बुवांनी घसा फोडला तरी पाणी ढिम्म हललं नव्हतं.

"जिथं पाप, तिथं कंप," बुवा म्हणाले. "भरतीच्या आत हिला तान्ह्यासकट गावाबाहेर काढा. आणि शांतीला एक बोकड. काळाच हवा. आमच्या शिष्याला काळाच पचतो, म्हणजे, देवीला."

रंगूचा नवरा मिठाच्या मचव्यावर मुंबईला गेलेला. धक्क्याला होडी लागली होती, रंगूचं गाठोडं तिच्यात जाऊनही पडलं होतं. रंगू पोर छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती.

दत्तू मास्तर गर्दीत मागे उभे होते. चमत्कार म्हटला की मास्तरांना राग येत नसे, अवघड गणित पुढ्यात आल्यासारखी गंमत वाटे. ते पाण्याकडे बघत राहिले. थरथर सलग नव्हती. एक ठोका, जरा उसंत, पुन्हा ठोका. आता तो त्यांच्या पायांच्या तळव्यांनाही जाणवू लागला. अंगणामागच्या मिठागराच्या बांधापलीकडून धप, धप असा आवाज येत होता. तो सगळ्यांनाच ऐकू येत होता; पण इथे हंगामभर धुमसानं, म्हणजे जड लाकडी ठोकळ्यानं, बांध चोपतात. त्या आवाजाकडे लक्ष द्यायची गावाला सवयच नव्हती.

"भागोजी, आज मिठागराचं काम चालू आहे का?"

"न्हाय मास्तर. बुवांनीच बंद ठेवाया सांगितलंय. देवीचा दिवस हाय."

"मग धुमस कोण मारतंय?"

धप, आणि पाणी हललं. धप, पुन्हा हललं.

भागोजी तरातरा बांध चढून पलीकडे उतरला. परतला तो घामानं निथळणाऱ्या शिष्याला दंडाला धरून, धुमसासकट. तोही देवीचीच सेवा करत होता, असं बुवांनी सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, सेवेकऱ्याला जरा विसावा द्या आणि पुन्हा हाक मारा. बुवांनी हाका मारल्या. पाणी आरशासारखं स्वस्थ.

"जोरानं वरडा, बुवा," गोदू म्हातारी म्हणाली. "आईला कमी ऐकू येतंय वाटतं."

गाव खदखदून हसलं. भागोजी मात्र हसला नाही. "ह्यो लबाड हाय, कबूल. पण भूकंप काय ह्याच्या धुमसानं झाला न्हाय. तवा खारपाडाच का पडला?"

रंगूचा चेहरा पुन्हा उतरला. मास्तर मात्र खूश झाले. खरा प्रश्न आत्ता कुठे विचारला गेला होता.

भागोजीची गाय नुकतीच व्यालेली, त्याच्या घरी आदल्या रात्री खरवस शिजला होता. मास्तरांनी पातेलं मागवलं. एका पाटावर एकीकडे सपाट दगड ठेवला, दुसरीकडे खरवसाचा उंच गड्डा उपडा केला. दोन्हींवर एकेक काडेपेटी उभी केली आणि पाटाला बाजूनं गुद्दा मारला. दगडावरची पेटी उभीच राहिली. खरवस मात्र गुद्दा थांबल्यावरही डुलत राहिला आणि त्याच्यावरची पेटी कलंडली. पोरं म्हणाली, मास्तर, परत.

"धक्का दोघांना एकच," मास्तर म्हणाले. "दगड पाटाबरोबर हलला आणि थांबला. खरवसानं तोच धक्का वाढवला आणि किती वेळ झुलवत ठेवला. खाली मऊ चिखल खोल असला की वरच्या घराची हीच गत."

गोदूला आठवलं, खारपाड्यात विहीर खणताना बांबूला बांबू जोडून खाली घातले, तरी कातळ लागला नव्हता. मास्तरांनी मान डोलावली. वहाणांचंही त्यांनी सांगून टाकलं: वहाणेच्या टाचेनं मिठागराचा गुळगुळीत तळ फाटतो आणि पाणी झिरपून जातं, म्हणून अनवाणी उतरायचं. देवीचा त्यात काही संबंध नाही. आता खारपाड्यात जड दगडी भिंती नकोत, कारवीच्या काठ्या विणून हलके कूड घाला, खांब एकमेकांना घट्ट बांधा.

भागोजी स्वतः धक्क्यावर गेला. रंगूचं गाठोडं त्यानं आपल्या खांद्यावर घेतलं आणि होडीत बुवांना व शिष्याला बसवून दिलं. बोकड मागेच राहिला.

मुलांनो, विपरीत काही घडलं की आपण आधी दोषी माणूस शोधतो. त्याआधी कारण शोधा. कारण सापडलं तर घर नीट बांधता येतं. नुसता माणूस हाकलला, तर पुढच्या हादऱ्याला तीच भिंत पुन्हा कोसळते, आणि तेव्हा तिच्याखाली कोण असेल ते सांगता येत नाही.