नारळाचा थायरॉईड

मानवजातीच्या इतिहासात लोखंडाचा शोध दोनदा लागला. पहिला हजारो वर्षांपूर्वी लागला आणि त्यातून नांगर, तलवारी आणि साम्राज्यं निघाली. दुसरा शोध दोन हजार चौदाच्या जून महिन्यात हैदराबादच्या दिलसुखनगरमधल्या एका फंक्शन हॉलमध्ये लागला, आणि ते लोखंड माझ्या बायकोच्या गळ्यातून निघालं.

हॉल पहिल्या मजल्यावर. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर लोहनाथ बाबा. दर गुरुवारी चारेकशे माणसं जिना चढत. राज्याचे नुकतेच दोन भाग झाले होते. आपली खुर्ची हैदराबादेत राहणार की पलीकडे जाणार, हे सरकारी नोकरांना ठाऊक नव्हतं. अशा दिवसांत बाबांना भक्त शोधावे लागत नाहीत.

"राज्य बदललं, गाड्यांच्या पाट्यांवर एपीचं टीएस केलंत!" बाबा माइकवर गरजले. "रक्ताची पाटी कोण बदलणार? अम्मा, तुमच्या रक्तात सात खिळ्यांचं लोखंड बसलंय. सात! डाक्टर लोग फक्त मोजतात. मी उपटतो!"

समोर खुर्चीवर माझी बायको जयवंता डोळे मिटून बसली होती. भक्तीने नव्हे, झोपेने. बाबांनी ताटातलं काळपट भस्म तिच्या गळ्याला, थायरॉईडच्या जागी, चांगलं जाड फासलं. शिष्याने शंख फुंकला. मग चांदीच्या टोपणाचा दंड गळ्यावरून हळूहळू फिरला आणि वर उचलला, तेव्हा टोकावर काळ्याभोर कणांचे ताठ केस उभे राहिले होते. लोखंड!

"अरे बाप रे," असं हॉल तीन भाषांत म्हणाला. मी मराठीत म्हणालो.

माझा अविश्वास तसा जुना आहे. रेव्हेन्यू खात्यात तेहतीस वर्षं अर्ज वाचल्यावर माणूस कशावर विश्वास ठेवणार? पण इथे गोम अशी होती की प्रयोगशाळेचा छापील रिपोर्ट बाबांच्या बाजूने होता.

जयवंता नारायणगुड्यात आमच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. त्या जूनच्या दोन वर्षं आधी तिचा थायरॉईड मंदावला. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, आणि एके दिवशी दार उघडून तिने मलाच विचारलं, "कोण पाहिजे?" डॉक्टर मुकुंदरावांनी रोज सकाळची एक गोळी सुरू केली, तेव्हा कुठे मी घरातला माणूस म्हणून पुन्हा रुजू झालो.

त्या वर्षी फेब्रुवारीत थकवा परत आला. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली आणि तीन महिन्यांनी रक्त तपासू म्हणाले. मशीनवर डोकं ठेवून ती झोपायची. एका नवरीच्या ब्लाउजला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. पडलेल्या टाचण्या उचलायला तिच्याकडे एक चुंबक असे, बिघडलेल्या स्पीकरमधला, सुतळीला बांधलेला. रोज संध्याकाळी तो ती जमिनीवरून फिरवायची. आता तो खुंटीवर नुसता लटकत होता आणि टाचण्या मी तळपायाने गोळा करत होतो.

तेव्हा हिम्मतराव आले. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. माणूस सोन्यासारखा, फक्त स्वस्तातलं काही दिसलं की भक्त होतो.

"भाभी, टेन्शन नक्को!" त्यांनी स्टीलची डबी पुढे केली. "बाबांचं भस्म. सकाळी उपाशीपोटी एक चमचा. बाबा म्हणाले, तुमच्या अंगात लोखंड चढलंय."

"मला न बघताच?"

"फोटो दाखवला ना! तुमच्या लेकीच्या लग्नातला."

जयवंता रोज सकाळी गोळी आणि भस्म एकाच घोटाबरोबर घेऊ लागली. दोनदा कोण उठणार? तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर थायरॉईड जागचा हललेला नाही आणि लोहाचा साठा असावा त्याच्या दुप्पट!

डॉक्टर चक्रावले. "लोहाच्या गोळ्या घेता? टॉनिक?"

"छे हो. तुमची गोळी सोडून दुसरं औषध नाही."

ती खोटं बोलली नाही. मीही शेजारी मान हलवली. प्रसादाला औषध कोण म्हणतो?

"मग कारण शोधायला हवं. आणखी तपासण्या करू," डॉक्टर म्हणाले. "तोवर गोळी एक दिवसही चुकवू नका."

हिम्मतरावांनी तो रिपोर्ट सबंध सुलतान बाजाराला वाचून दाखवला. "बाबांनी तीन महिने आधी सांगितलं होतं! लॅबला आता कळलं!" मी रिपोर्ट दोनदा वाचला, आकडा तोच होता. म्हणून त्या गुरुवारी आम्ही जिना चढलो, आणि बाकीचं तुम्हाला सांगितलंच.

लोखंड उपटून झाल्यावर बाबांनी फर्मान काढलं. "पुढच्या गुरुवारी शेवटचं लोखंड निघेल. येताना गोळ्या घेऊन या. मुसी नदीत सोडू. गोळीच लोखंडाला धरून ठेवते!"

मला ते "कोण पाहिजे?" आठवलं. रिक्षात मी म्हणालो, "जयवंता, गोळी नाही सोडायची."

"गोळी घेऊनही झोपतेच आहे की," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर झोपली.

मंगळवारी मला एकाच पावलात दोन टाचण्या टोचल्या. संतापून मी खुंटीवरचा चुंबक काढला आणि खोलीभर ओढत सुटलो. चुंबक टेबलाखालून बाहेर आला, तो दाढी वाढवून.

"केवढा कचरा हा!" मी म्हणालो.

दिवाणावर पडलेल्या जयवंताने एक डोळा उघडला. "कचरा चुंबकाला चिकटत नाही. आणा इकडे." तिने ती दाढी बोटांनी चुरली. "टेबलाखाली सकाळी माझ्या हातून भस्म सांडलं होतं."

ती उठून बसली. डबी उघडून तिने चुंबक वर धरला. भस्मातले काळे कण उड्या मारून त्याला बिलगले. चुंबक पुसून तिने पुन्हा धरला, पुन्हा दाढी उगवली.

"म्हणजे हे माझ्यातून निघत नाहीये," ती सावकाश म्हणाली. "हे माझ्यात जातंय. चमच्याने. रोज."

"चल, आत्ता पोलिसात जाऊ! पेपरात देऊ! मी भाषण करतो!"

"तुम्ही गप्प बसा. माप घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही. उदबत्तीची राख कुठे आहे?"

गुरुवारी हॉल तुडुंब होता. जयवंता खुर्चीवर बसली तेव्हा तिच्या गळ्याला राख आधीच फासलेली होती.

"बाबा, आज घरूनच लावून आले. तुमचे हात कशाला खराब?"

"शाब्बास अम्मा!" बाबांनी दंड फिरवला. शंख वाजला. दंड वर आला, तो गुळगुळीत. बाबांनी पुन्हा फिरवला, जरा दाबून. शंखवाल्याचा दम संपला. केस काही उगवेनात.

"श्रद्धा कमी पडली!" बाबा कडाडले. "श्रद्धा नसेल तिथे दंड चालत नाही!"

"असेल बाई." जयवंताने बाबांपुढे वाहिलेल्या नारळांतला एक उचलला, ताटातलं भस्म त्याला चोळलं आणि नारळ बाबांच्या दंडाखाली धरला. "मग याच्यावर फिरवा."

बाबांनी दंड मागे घेतला. पण नारळ त्याच्यापेक्षा चपळ होता. टोकावर काळेभोर केस ताठ उभे राहिले.

पुढच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. मागून कोणीतरी तेलुगूत विचारलं, "कोब्बरिकायकी थायरॉइडा?" नारळाला थायरॉईड? पहिल्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली, आणि मग चारशे माणसांना आवरेना.

"नारळाची श्रद्धा दांडगी दिसते," जयवंता म्हणाली. तिने पिशवीतून आपला चुंबक काढून ताटावर धरला. "बघा सगळ्यांनी. चांदीच्या टोपणाखाली हेच आहे, आणि भस्मात लोखंडाचा कीस. आधी फासायचा, मग उचलायचा. माझ्या गळ्यावर होती ती उदबत्तीची राख. पॅकेट वीस रुपये."

खालून लेथ मशीनचा आवाज येत होता. कीस कुठून येतो, हे मग कोणाला सांगावं लागलं नाही. बाबा मागच्या जिन्याने गेले. पुढच्या गुरुवारी त्या हॉलमध्ये कोचिंग क्लास भरला.

हिम्मतराव आमच्याबरोबर थेट डॉक्टरांकडे आले, कारण अर्धी डबी त्यांनीही खाल्ली होती. डॉक्टरांनी डबी हुंगली, चुंबक लावून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, पोटात लोखंड या गोळीला धरून बसतं. रक्तात जाऊच देत नाही. तुम्ही गोळी घेत होता आणि वरून तिला बेडी घालत होता. थायरॉईड सुधारला नाही, म्हणून थकवा. थकवा, म्हणून आणखी भस्म."

"मग लोहही यानेच वाढलं?"

"बहुतेक. नक्की आत्ता नाही सांगणार, मी बाबा नाही. हे बंद करा. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. दोन महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही लोह चढलेलंच असेल तर यकृत बघू, घराण्यात कोणाला आहे का ते बघू. आणि यापुढे मी काय घेता विचारलं, तर प्रसादसुद्धा सांगायचा."

ऑगस्टच्या अखेरीस रिपोर्ट आला. लोह उतरणीला लागलं होतं, थायरॉईड ताळ्यावर. जयवंता दुपारची झोपेनाशी झाली, ज्यामुळे माझ्या दुपारच्या झोपेवर परिणाम झाला.

त्या संध्याकाळी हिम्मतराव रिपोर्ट बघायला आले. पुढच्या खोलीत तेही होते, चहाही होता. अशी संधी रोज येत नाही. मी उभा राहिलो.

"हिम्मतराव, चमत्कार दिसला की माणसाने तीन गोष्टी विचाराव्यात. आधी काय लावलं? आत काय आहे? आणि हेच नारळावर करून दाखवाल का? बाबा लबाड होता, मान्य. पण डबी आपण उघडली, चमचा आपण धरला, आणि डॉक्टरांपासून लपवलं तेही आपणच. माणसाला डोकं दिलंय ते नुसतं टेकवायला नव्हे! ते चालवलं पाहिजे. प्रश्न विचारले पाहिजेत. ज्या दिवशी या शहरातला प्रत्येक माणूस, मग तो नव्या राज्यातला असो की जुन्या..."

"अहो," जयवंता म्हणाली. खुंटीवरचा चुंबक तिच्या हातात होता, सुतळी बोटाला गुंडाळलेली. "बोला तुम्ही, पण जरा पाय उचला. खाली टाचणी पडलीय."