पाणथरीत दिसलेले सतरा सेंटीमीटर

स्रेतेन्येचा सण फेब्रुवारीत येतो. त्या दिवशी हिवाळा आणि उन्हाळा रस्त्यात एकमेकांना भेटतात, असं व्रानिक शहरातली जुनी माणसं सांगतात. त्या वर्षी ते दोघे भेटले की नाही हे बघायला रस्त्यावर कुणीच नव्हतं, कारण सगळं शहर स्तानाच्या खानावळीत घुसलं होतं. बाकांवर माणसं, बाकांमागं माणसं, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ती बाहेरून काचेला नाक लावून उभी.

मधल्या टेबलावर ओकच्या लाकडाची एक पेटी होती. नोव्हेंबरात डुकरं कापली गेली तेव्हा दोब्रिवोयेनं सगळ्यांदेखत एका डुकराची ताजी पाणथरी, म्हणजे प्लीहा, तळहातावर घेऊन सबंध हिवाळा वाचला होता. वाचलं ते मनातल्या मनात, मग पाठ फिरवून कागदावर उतरवलं, आणि गुंडाळी या पेटीत टाकली. नगराध्यक्ष मिलुतिननं झाकणावर लाखेचा शिक्का मारला. मग पेटी साखळीनं आढ्याला टांगली गेली. तीन महिने लोक खाली कोबीचं आंबट सार ओरपत होते आणि मान वर करून पेटीकडं बघत होते.

हा दोब्रिवोये आधी गुरं वाहणारा ट्रक चालवायचा. निवृत्त झाल्यावर त्याला पाणथरीत पुढची हवा दिसू लागली. आता त्याच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा मेंढीच्या कातड्याचा कोट असे आणि बोलताना तो डोळे अर्धे मिटून घेई.

"पाणथरीचं पुढचं टोक म्हणजे डिसेंबर," तो सांगत होता. "मधला फुगवटा जानेवारी. शेपटीकडं फेब्रुवारी. जांभळी रेघ असली की उत्तरेचा वारा. आणि काळा ठिपका असला की शुक्रवार."

"शुक्रवारच कशावरून, काका?" मागून कुणीतरी विचारलं.

"गुरुवारचा ठिपका लांबट असतो."

लोकांनी माना डोलावल्या. एवढं साधं आपल्याला कसं सुचलं नाही, असं बऱ्याच जणांच्या तोंडावर दिसत होतं.

कोपऱ्यात, कोट टांगायच्या खुंट्यांखाली दारिंका बसली होती. शहराच्या वेधशाळेची ती एकुलती एक निरीक्षक. वेधशाळा म्हणजे टेकडीवर शाळेमागं कुंपण घातलेला गवताचा तुकडा, त्यात झडपांची एक पांढरी पेटी, पेटीत तापमापक, आणि बर्फ मोजायची एक आखलेली काठी. एकतीस वर्षं ती सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला वेध घेत होती. वहीत लिहायची, आणि सकाळचे आकडे नगरपालिकेसमोरच्या फळ्यावर खडूनं उतरवायची. एकतीस वर्षांत तिला कुणी जेवायला बोलावून 'सांग बाई, हवा कशी' असं विचारलं नव्हतं. दोब्रिवोयेला मात्र या हिवाळ्यात सोळा घरांतून आमंत्रण होतं. दारिंकाला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं ती स्वतःला सांगत असे.

मिलुतिननं शिक्का तपासला. अभंग होता. त्यानं तो फोडला आणि झाकण बोटभर उचललं.

"थांबा," दोब्रिवोये म्हणाला. "आतला श्वास अजून गरम आहे. परका हात लागला तर शाई उडेल." त्यानं कोटाच्या बाहीसकट हात आत घातला, थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि कागदाची गुंडाळी बाहेर काढली. झाकण लगेच खाली पडलं. "तीन दिवस कुणी उघडू नका. तिला विसावा लागतो."

वाचन सुरू झालं. नऊ डिसेंबर, उणे चार, सकाळी धुकं. नगरपालिकेचा कारकून मोबाइल घेऊन उभा होता. दारिंकाच्या फळ्याचा फोटो तो रोज सकाळी नगरपालिकेच्या पानावर टाकायचा, त्यामुळं सगळा हिवाळा त्याच्या हातात होता. "बरोबर," तो म्हणाला. एकोणीस डिसेंबर, बर्फ चार सेंटीमीटर. "बरोबर." सहा जानेवारी, उणे अकरा. "बरोबर, बरोबर." प्रत्येक बरोबरला खानावळीतून एक सुस्कारा उठत होता. एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला.

"तेवीस जानेवारी," दोब्रिवोयेनं वाचलं. "बर्फ सतरा सेंटीमीटर."

"बरोबर," कारकून म्हणाला.

दारिंकानं मान वर केली. तेवीस जानेवारी. त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता, पाय ओढत ती कुंपणापर्यंत गेली होती. बर्फ नडगीपर्यंतही आला नव्हता. सतरा असता तर तिच्या आखूड बुटांत शिरला असता, आणि त्या तापात ओले मोजे तिला जन्मभर आठवले असते.

वाचन संपलं तेव्हा टाळ्यांनी आढ्याची धूळ खाली आली. मिलुतिन खुर्चीवर चढला. "बंधूंनो, भगिनींनो. दोब्रिवोये काकांनी पुढच्या हिवाळ्याचीही पाणथरी वाचलेली आहे. बर्फ नाही. एक चिमूटसुद्धा नाही. तेव्हा रस्त्यांवर टाकायचं मीठ यंदा मागवायचं नाही, असं मी ठरवलंय. आणि टेकडीवरची ती काठी आणि पेटी आता ठेवून काय करायचं? ती जागा काकांना देऊ. पाणथरी केंद्र काढू. मंगळवारी सभेत मंजूर होईल."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दारिंकाकडं दोन-चार जणांनी वळून बघितलं, आणि एखाद्या आजारी माणसाकडं बघून नजर वळवावी तशी वळवली.

ती उठली आणि टेकडी चढू लागली. हाच चढ पुढं दवाखान्याकडं जातो. नऊ वर्षांपूर्वी मीठ संपलं होतं, तेव्हा रुग्णवाहिका या चढावर अर्ध्यात गरकन फिरली आणि आडवी होऊन बसली. आतल्या बाईचं बाळंतपण तिथंच झालं. आई थोडक्यात वाचली. मुलीचं नाव स्नेझाना ठेवलं, म्हणजे आपली हिमगौरीच. लोक ती गोष्ट आता हसत सांगतात. दारिंका त्या दिवशी घोंगडी धरून तिथं उभी होती, तिला अजून हसू येत नसे.

वर कुंपणाशी पोचल्यावर तिनं वही उघडली. तेवीस जानेवारी: बर्फ ७ सेंमी. अक्षर तिचंच, तापानं थोडं वाकडं. मग नगरपालिकेच्या पानावरचा त्या दिवसाचा फोटो तिनं बघितला. फळ्यावर खडूनं, ठळक, तिच्याच हातानं लिहिलेलं होतं: १७.

ती झडपांच्या पेटीजवळच्या स्टुलावर बसली. एकतीस वर्षांत तिला सापडलेली ही पहिली चूक होती. पहिल्यांदा तिला लाज वाटली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आकाशानं सात पाडला होता. सतरा या जगात एकाच ठिकाणी पडला होता, तिच्या फळ्यावर. आणि त्या फळ्यापुढं रोज सकाळी कातड्याचा कोट घालून कोण उभं राहायचं? 'माझं भाकीत कसं चाललंय ते बघतो, बाई,' असं म्हणत तो छोट्या कागदावर काहीतरी टिपायचाही. तिला तर वाटलं होतं, चला, एक तरी वाचक मिळाला.

वही काखेत मारून ती निघाली, पण उतारावर तिची चाल मंदावली. हे सांगायचं तर आपली चूक सगळ्या शहरापुढं सांगायची. मंगळवारी तिची वेधशाळा मोडायला निघालेल्या माणसाच्या हातात आपणच हातोडा द्यायचा. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण मग पुढच्या हिवाळ्यात मीठ नसणार, हे तिला पक्कं कळत होतं. ती उतरत राहिली.

खानावळीत भाजलेल्या डुकराचा वास सुटला होता. दारिंका थेट मधल्या टेबलापाशी गेली.

"मला एक चूक कबूल करायची आहे," ती म्हणाली. "तेवीस जानेवारीला बर्फ सात सेंटीमीटर होता. मी फळ्यावर सतरा लिहिलं. ताप होता. ही वही बघा."

मिलुतिनला पोटातलं हसू आवरेना. "म्हणजे, दारिंकाबाई, तुम्ही चुकता. मग पाणथरी चुकत नाही, हेच सिद्ध झालं ना?"

"सात होता की सतरा, ते आधी ठरवू. तो फोटो बघा, साहेब." तिनं भिंतीकडं बोट केलं. खानावळीसमोरच्या बसथांब्याची फीत कापताना मिलुतिनचा मोठा फोटो स्तानानं फ्रेम करून लावला होता, खाली तारीख: तेवीस जानेवारी. न तुडवलेल्या बर्फात उभ्या नगराध्यक्षांच्या नव्या, चकचकीत बुटांचे काठ त्यात ठसठशीत दिसत होते.

"त्या बुटांची उंची किती, साहेब?"

मिलुतिननं खाली बघितलं. सणाचे म्हणून तेच बूट त्यानं घातले होते. "असेल... आठ-नऊ."

"सतरा बर्फ असता तर बूट कुठं दिसले असते?"

आतले सगळे नगराध्यक्षांच्या बुटांकडं बघू लागले. खिडकीबाहेरच्यांना ऐकू आलं नव्हतं, ते एकमेकांना 'काय म्हणाली, काय म्हणाली' विचारत होते.

"पाणथरीनं आकाश बघितलं असतं तर सात सांगितला असता," दारिंका म्हणाली. "तिनं माझा फळा बघितला. चुकीसकट. वर्गात नक्कल करणारी पोरं अशीच सापडतात. शेजारच्याची चूकसुद्धा उतरवतात."

दोब्रिवोयेनं डोळे अर्धे मिटले. "पाणथरी खोल असते, बाई. तिला तुमचा फळासुद्धा नोव्हेंबरातच दिसला."

"मग डुकराला कशाला त्रास द्यायचा?" स्ताना म्हणाली. ती हात पुसत चुलीपासून आली होती. "फळा फुकट वाचता येतो. आणि काय रे दोब्रिवोये, माझी चूल भडकलेली, सगळे सदऱ्यावर बसलेत, तू एकटा कातड्यात का शिजतोयस? बाही दाखव."

"आजार आहे मला. सांधे."

"बरं, तुझे सांधे राहू देत." स्तानानं पेटी उचलली. "तीन दिवस उघडायची नाही," दोब्रिवोये ओरडेपर्यंत तिनं ती उलटी केली. टेबलावर टप्पकन एक गुंडाळी पडली.

आधीची गुंडाळी दोब्रिवोयेच्या हातात होतीच. आणि नोव्हेंबरात पेटीत एकच टाकली होती, हे मिलुतिननं स्वतः पाहिलं होतं. कारकुनानं नवी गुंडाळी सोडली. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं निघालं, अर्धंच सोडवलेलं. त्यात हवामानाचं काही नव्हतं. 'सैबेरियातली नदी, दोन अक्षरी' याचं उत्तरसुद्धा चुकलेलं होतं.

आधी बाहेरचे हसले, त्यांना खिडकीतून नीट दिसलं होतं. मग आतले. दोब्रिवोयेनं कोट काढला, कारण आता घालून काही फायदा नव्हता, आणि बाहीच्या अस्तराला आतून शिवलेला लांबट खिसा सगळ्यांनी हात घालून पाहिला. नगराध्यक्षांनीसुद्धा घातला.

"हिवाळाभर फळ्यावरून टिपायचं," दारिंका म्हणाली, "काल रात्री एका कागदावर उतरवायचं आणि आज बाहीतून काढायचं. एवढंच आहे ते."

"लोकांना आवडत होतं," दोब्रिवोये पुटपुटला. "ट्रक चालवत होतो तेव्हा कुणी ऐकत नव्हतं माझं." हे मात्र तो खरं बोलत होता, आणि दारिंकाला क्षणभर त्याची कीव आली. स्तानानं त्याला सणाचं ताट वाढलं, पण कोपऱ्यात, खुंट्यांखाली.

मिलुतिन दारिंकाच्या शेजारी येऊन बसला. "झालं ते झालं. आता तुम्हीच सांगा, पुढचा हिवाळा कसा?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"पाच दिवस पुढचं बऱ्यापैकी सांगता येतं. राजधानीतून नकाशे येतात. दहा दिवसांचं अंदाजानं. फेब्रुवारीत बसून पुढच्या जानेवारीतला शुक्रवार कुणालाच सांगता येत नाही."

"मग मीठ किती मागवू? तुम्हाला ठाऊक नाही म्हणता."

"ठाऊक नाही, म्हणूनच मीठ मागवायचं," दारिंका म्हणाली. तिनं वही उघडून त्याच्यापुढं सरकवली. "एकतीस हिवाळे आहेत यात. दहांतले तीन वाईट असतात. कुठले तीन, ते आधी कळत नाही. दरवर्षी वाईटाची तयारी करायची. उरलं मीठ तर ते नासत नाही."

मिलुतिन बराच वेळ पानं उलटत राहिला. मंगळवारच्या सभेत मीठ मंजूर झालं. वेधशाळेचा विषय कुणी काढलाच नाही.

बुधवारी सकाळी फळ्यावर त्या दिवसाच्या आकड्यांखाली एक ओळ जास्तीची होती: 'तेवीस जानेवारीचा बर्फ ७ सेंमी वाचावा, १७ नव्हे. चूक माझी. दारिंका.' दुपारपर्यंत तिथं चाळीसेक माणसं थांबून वाचून गेली. 

मित्रांनो, जो कधीच चुकत नाही त्याच्यापासून चार हात दूर राहा, मग त्याच्या हातात पाणथरी असो, भस्म असो की यंत्र असो. आपलं म्हणणं खोटं ठरलं तर ते कशावरून कळेल, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा. खरा जाणकार वही पुढं करील. दुसरा डोळे अर्धे मिटेल.