जांभळा आलेख

तिने रंगाच्या कंसात तीन आकड्यांपुढे रंग पातळ करणारा चौथा आकडा टाकला, पॉइंट तीन, आणि पान पुन्हा उघडलं.

आठवडाभर या आलेखाने तिचं डोकं खाल्लं होतं. मागच्या भेटीत तिने आईबाबांच्या मनगटांवर पावलं मोजणारे पट्टे बांधले होते. इतक्या लांब बसून दोघांचं चालणं दिसावं म्हणून ऑफिसचं काम आवरल्यावर तिने स्वतः कोड लिहून हा आलेख केला. बाबांच्या पावलांचा डोंगर निळा, आईच्या पावलांचा लाल. पण निळा आतून असा ठासून भरलेला, की मागचा लाल दिसेचना. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज चालली नाही तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीचा सगळा जीव त्या लाल रंगात अडकला होता.

बाबांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "अगं, पळते ती! मलाच दम लागतो."

आता रंग पातळ झाले. निळ्यामागून एखादा बुटका लाल डोंगर डोकावेल, असं तिला वाटलं होतं. पडद्यावर सगळा जांभळाच. कडेला ना निळी किनार, ना लाल.

"एकाच पट्ट्याची माहिती दोनदा घेतलीस," शेजारचा सहकारी मान लांब करून म्हणाला. "मीही लावलेत हे दिवे."

तिलाही तेच वाटलं. तिने कोड तपासला, आकडे शेजारी शेजारी मांडले. पट्टे दोन होते, आकडेही जरा जरा वेगळे. पण एक चढला की दुसरा चढलेला, एक थांबला की दुसराही थांबलेला. दुखऱ्या गुडघ्याची आई आणि ढांगा टाकणारे बाबा, रोज पावलाला पाऊल लावून?

त्यांची फिरण्याची वेळ होती. डोंगर आत्ताही चढत होता. तिने आईला फोन लावला.

"कुठे आहेस गं?"

"फिरायला आलोय की दोघं," आई म्हणाली. मागे नळ सुरू होता.

तिला आधी बाबांचा राग आला, मग आईचा, मग लांब बसून रंग भरणाऱ्या स्वतःचा. मग दोन्ही मनगटांवर पट्टे बांधून रस्त्याने निघालेले बाबा डोळ्यांपुढे आले आणि तिला भरून आलं.

"आई, किती दुखतंय?"

नळ बंद झाला.

"फार वेळ उभं राहवत नाही गं," आई हळूच म्हणाली.

"मी उद्या येते. डॉक्टरांकडे जाऊ."

"ये. पण ह्यांना काही बोलू नकोस हं. काल पाय मुरगळलाय त्यांचा. तरी माझा खाडा नको म्हणून गेलेत."