थेंबांचं कुलूप

“सर, मोजणीत थेंब हरवून राहिला,” विजयमाला म्हणाली.

“माझ्या कुलपातून? शक्यच नाही, पोरी!” विनायकराव उखडलेच.

सौंसरच्या त्यांच्या घरात, टेबलावर सलाईनचा पंप चालू होता. थेंब मोजून पेशंटला औषध द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या पोटात सगळ्या कामांना शिस्त लावणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नल. त्यातली मोजणी सांभाळणारं, एका वेळी एकाच कामाला तिला हात लावू देणारं कुलूप विनायकरावांनी लिहिलेलं. ते रिटायर झाले तरी हे पंप बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीत त्या कुलपाची शपथ घेत. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता आणि तिथल्या एका दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नवे पंप जायचे होते. म्हणून कंपनीतली त्यांची ही जुनी शिष्या एक पंप घेऊन सकाळच्या बसने धावत आली होती.

“जुन्या चिपले एकच मेंदू होता, सर. नव्या चिपले दोन आहेत. मोजताना मधे दुसरी हाक ऐकू नये म्हणून तुमचं कुलूप एकाचे कान बंद करते, अन् दुसरा तेवढ्यात मोजणीत हात घालते.”

विनायकरावांना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. थेंब मोजायचा राहिला तर पेशंटच्या अंगात औषध जास्त जाणार.

“मग म्यूटेक्स टाकू. एक आत, दुसरा बाहेर!” त्यांनी ऐटीत स्वतःच बदल केला. पंप थोडा चालला आणि ठप्प झाला.

“म्यूटेक्सपाशी थांबणारा झोपते, सर,” विजयमाला हळूच म्हणाली. “थेंबाची हाक ऐकणाऱ्याले झोपायची मुभाच नाही.”

“अरे देवा! हे तर मीच तुले शिकवलं होतं!”

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी सुधाताई हसल्या. “जामसांवलीच्या देवळातले हनुमानजी आडवे झोपूनही साऱ्या जगाचं ऐकतात. तुमच्या मशीनले तेवढंही जमत नाही काय?”

“नाही जमत, बाई! याले स्पिनलॉकच पाहिजे. दारात उभं राहूनच वाट पाहायची. पण आतल्यानं काम झटकन उरकलं पाहिजे.”

“अन् मेमरी कार्डावर नोंद लिहायचं काम, सर? ते तर सावकाश होते.”

“ते बाहेर काढ. तिथं म्यूटेक्स चालते.”

“तुमची कान बंद करायची युक्ती मात्र ठेवा लागते, सर. स्पिनलॉकच्या जोडीनं. नाहीतर आतलाच हाकेले धावते अन् स्वतःच्याच दारात अडकते.”

विजयमालानं तसं नवं कुलूप लिहून पंपात टाकलं. दुपारभर थेंब पडत राहिले. मोजणी चोख निघाली.

तेवढ्यात कंपनीचे मालक गजानन यांचा फोन आला. “सर, विजयमाला उगाच घाबरवून राहिली. जुना प्रोग्राम टाकून पंप गाडीत भरलेत. तुमचं कुलूप आहे म्हटल्यावर काय पाहायचं! तुम्ही फक्त हो म्हणा.”

एवढा मान विनायकरावांना आयुष्यात दुसऱ्या कशानं मिळाला नव्हता. पण त्यांचा आवाज खणखणीत निघाला.

“गाडी रिकामी कर, गजानन. माझं कुलूप नव्या चिपवर चालत नाही. हिचं चालते. ते टाकल्याशिवाय एकही पंप हलवू नको.”

“तुम्ही म्हणता म्हणजे झालं. पण यापुढं अडलं तर विचारायचं कोणाले?”

विनायकरावांनी विजयमालाकडे पाहिलं. “हिलेच.”

फोन ठेवून ते उठले. कॉम्प्युटरपुढची आपली खुर्ची त्यांनी विजयमालाकडे सरकवली आणि स्वतः खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसले.